स्वयंचलित ठिबक संचाची किल्ली : कोणास किती अधिकार द्यावा?

दूर बसून यंत्र चालविणे ही गोष्ट जुन्नर तालुक्यास परकी नाही. नारायणगावाजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना पंचवीस-एक किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या असून त्या एकाच नियंत्रण कक्षातून फिरविल्या जातात. तीच रीत आता लहान प्रमाणावर विहिरीच्या काठापर्यंत येऊन पोहोचली आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील द्राक्षबागा, टोमॅटोचे प्लॉट व उसाची शेते यांतून मोबाईलवर चालणारे पंपाचे स्टार्टर आणि वेळापत्रकाप्रमाणे आपोआप उघडमीट होणारे ठिबकचे व्हॉल्व्ह दिसू लागले आहेत.

यास कोणी चैन म्हणेल तर ते बरोबर होणार नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या चार तालुक्यांच्या जुन्नर वनविभागात बिबट्या उसाच्या फडात वस्ती करून असतो. रात्रपाळीची वीज आली म्हणून अंधारात बॅटरी घेऊन मोटार चालू करण्यास जाणे म्हणजे काय, हे या भागातील प्रत्येक घरास ठाऊक आहे. घरात बसून मोटार चालू करता आली, तर एक फेरी वाचते आणि प्रसंगी माणूस वाचतो. म्हणूनच हे साधन टिकले पाहिजे व त्यावरील विश्वास ढळता कामा नये. मात्र जे यंत्र मालकाचा हुकूम दुरून ऐकते, ते दुसऱ्याचाही हुकूम दुरूनच ऐकू शकते. तेव्हा त्याने कोणाचे ऐकावे आणि किती ऐकावे, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे. संच बसविताना नळीचा व्यास, फिल्टरची क्षमता, व्हॉल्व्हची संख्या यांची चर्चा भरपूर होते. या गोष्टीची बहुधा होत नाही.

संचाचे अंतरंग

स्वयंचलित संचाचे मुख्य अंग म्हणजे नियंत्रक, ज्यास शेतकरी सरसकट कंट्रोलर म्हणतात. कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडावयाचा, किती मिनिटे चालू ठेवावयाचा आणि खताच्या टाकीतून किती द्रावण सोडावयाचे, हे सर्व त्यात साठविलेले असते. काही संचांत ही माहिती पंपघरातील पेटीतच राहते. काहींत ती कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर असते, आणि पेटीतील सीमकार्डाच्या द्वारे त्या सर्व्हरचे हुकूम शेतावर पोहोचतात. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या ऐकून त्यांची तामिली करणारा संगणक होय. गावच्या चावडीवर बसलेल्या कारकुनासारखे त्याचे काम असते. कारकून मात्र माणसास तोंडावरून ओळखतो. सर्व्हर केवळ नाव व पासवर्ड ओळखतो. ज्याने तो पासवर्ड सांगितला तो त्याच्या दृष्टीने मालकच.

येथेच नेहमीची चूक घडते. संच बसविणारा कारागीर एक खाते उघडून देतो व त्यास सोपा पासवर्ड देतो. पुढे तोच पासवर्ड थोरला भाऊ, धाकटा भाऊ, मुंबईस नोकरीवर असलेला मुलगा, वाटेकरी, बागेचे सल्लागार, विक्रेत्याकडील मुलगा अशा सर्वांच्या मोबाईलमध्ये जातो. काही ठिकाणी तो पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेलाही असतो. सहा जणांकडे एकच किल्ली, आणि ती किल्ली सर्वच कुलुपांस लागणारी.

दोन प्रकारची हानी

या अव्यवस्थेतून होणारे नुकसान दोन प्रकारचे असते.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण असे. समजा, तीन भावांची सामाईक विहीर आहे. मोटारीस गाळ लागला म्हणून एक भाऊ व एक मजूर विहिरीत उतरले. धाकटा भाऊ मंचरच्या बाजारात आहे. पाणी येत नाही असा निरोप त्यास पत्नीकडून मिळाला आणि त्याने तेथूनच मोबाईलवर मोटार चालू केली. त्याच्या मनात काहीही वाईट नव्हते. त्याला कोणी सांगितले नव्हते एवढेच. अशा वेळी पाण्यात उभ्या असलेल्या माणसांचे काय होईल हे लिहावयास नको. वीज परत येताच मोटार चालू करणाऱ्या साध्या ऑटो स्विचनेही हा धोका संभवतो. मोबाईलमुळे त्यात भर पडली ती एवढीच, की बटण दाबणारा विहिरीपासून दहा कोसांवर असू शकतो.

याकरिता एक नियम कोणत्याही पासवर्डाच्या वर मानावा. विहिरीत, मोटारीवर किंवा स्टार्टरच्या पेटीत काम करावयाचे असेल तेव्हा मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत, आणि जो माणूस काम करणार त्याने ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. पेटीवर ठेवू नयेत, दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत. काम संपवून वर आल्यावर त्यानेच ते परत बसवावेत. मोबाईलमधील ‘बंद’ या शब्दावर विसंबून कोणीही विहिरीत उतरू नये.

दुसऱ्या प्रकारची हानी सावकाश होते आणि म्हणून अधिक फसवी असते. द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सुमारे ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होत असते. या दिवसांत नत्र व पाणी हात राखून द्यावे लागते. ते जास्त झाल्यास वेल शाकीय वाढीकडे झुकतो आणि घड कमी धरतात. आता एखाद्याने खताच्या कार्यक्रमातील एक आकडा चुकून बदलला, किंवा दुसऱ्या प्लॉटचा कार्यक्रम या प्लॉटवर चढविला, तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. उलट बाग हिरवीगार दिसते व मालक समाधान पावतो. नुकसान दिसते ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, फुटलेल्या काडीवर घड न आल्यावर. तोपर्यंत आकडा कोणी बदलला हे कोणास आठवत नाही. आणि सर्वांचे खाते एकच असल्यामुळे यंत्राच्या नोंदीतही एकच नाव दिसते. मग दोष रोपवाटिकेस, हवामानास किंवा सल्लागारास जातो. भावाभावांत बोलणे बंद होते ते वेगळेच. टोमॅटोत आणि पक्वतेच्या द्राक्षात पाण्याची अशीच ओढाताण झाली तर फळे तडकतात. तेथे निदान नुकसान लवकर दिसते.

ओळख आणि परवानगी

शिवनेरी किल्ल्यावर जाणारी मुख्य वाट सात दरवाजांची आहे. त्यांपैकी एकाचे नावच परवानगीचा दरवाजा असे आहे. एका दरवाजातून आत आलेल्या माणसास पुढचा दरवाजा आपोआप उघडा होत नसे, हे अशा बांधणीचे मर्म होय. संगणकाच्या संरक्षणातही हेच दोन वेगळे प्रश्न असतात. हा माणूस कोण, हा पहिला. आणि या माणसास काय करण्याची मुभा आहे, हा दुसरा. पासवर्ड पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर मालकास स्वतः ठरवून यंत्रात भरावे लागते. ते भरले नाही तर आत आलेला प्रत्येक जण बालेकिल्ल्यापर्यंत जातो.

चांगल्या प्रतीच्या नियंत्रकात निरनिराळी खाती उघडण्याची व प्रत्येकास वेगळे अधिकार देण्याची सोय असते. संच विकत घेण्यापूर्वीच विक्रेत्यास ती आहे काय, असे विचारावे. नसेल तर किंमत थोडी कमी असली तरी तो संच घेण्यात शहाणपण नाही, विशेषतः सामाईक विहिरीवर.

अधिकाराची वाटणी करताना माणसाचा मान न पाहता त्याचे काम पाहावे. वरील तीन भावांच्या शेताचेच उदाहरण पुढे चालवू. खते व वेळापत्रक ठरविणारा जो एक भाऊ असेल त्याच्याकडे मुख्य अधिकार असावा : खाती उघडणे, बंद करणे, कार्यक्रम बदलणे. मात्र मुख्य अधिकाराचे खाते त्याने रोजच्या कामास वापरू नये. त्यासाठी स्वतःचेच दुसरे, साधे खाते ठेवावे. तिजोरीची किल्ली करदोट्यास बांधून कोणी नांगरास जात नाही. दुसऱ्या भावांस आपापल्या प्लॉटचे व्हॉल्व्ह चालू-बंद करण्याचा अधिकार पुरे. तो आपल्या प्लॉटापुरताच असावा. वाटेकऱ्यास किंवा पाणी धरणाऱ्या मजुरास ठरलेला कार्यक्रम सुरू करणे व अडचण आल्यास थांबविणे एवढी मुभा द्यावी. थांबविण्याचा अधिकार सर्वांस असण्यात धोका कमी व फायदा जास्त आहे, कारण नळी फुटली असता मालकाचा फोन लागेपर्यंत वाट पाहणे परवडत नाही. सल्लागारास केवळ पाहण्याचा अधिकार द्यावा. काय बदलावे हे त्याने सांगावे, बदल मात्र शेतकऱ्याने आपल्या हाताने करावा. त्यामुळे तो आकडा शेतकऱ्याच्याही डोळ्यांखालून जातो.

येथे एक गोष्ट नमूद करणे इष्ट आहे. पुष्कळ घरांत दिवसभर शेतावर प्रत्यक्ष असते ती घरची स्त्री, आणि ॲप मात्र पुरुषाच्या मोबाईलमध्ये असते. मग ती फोन करणार, हा कोठेतरी गाडीवर असणार, आणि अर्धा तास पाणी वाहून जाणार. अधिकार कामावरून ठरवावयाचा असेल तर पहिल्या खात्यांपैकी एक तिच्या नावाचे व तिच्याच मोबाईलवर असले पाहिजे.

मुख्य अधिकार एकाच माणसाकडे असण्यातही जोखीम आहे. तो आजारी पडला, मोबाईल हरवला किंवा पासवर्ड विसरला, तर ऐन हंगामात संच मुका होतो. म्हणून मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरातील कागदपत्रांच्या पेटीत ठेवावा व ही गोष्ट दुसऱ्या एका जबाबदार माणसास सांगून ठेवावी. ‘पासवर्ड कागदावर कधीही लिहू नये’ असे सांगितले जाते. भिंतीवर लिहू नये हे खरे. परंतु बंद पाकिटातील कागदास दुरून कोणी चोरू शकत नाही.

दिलेला अधिकार परत घेणे

अधिकार देणे सोपे असते, परत घेण्याची आठवण राहत नाही. वाटेकरी बदलतो, मजूर हंगाम संपताच गावी जातो, विक्रेत्याकडील कारागीर नोकरी सोडून दुसरीकडे जातो. त्यांच्या मोबाईलमधील किल्ली मात्र तशीच राहते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. क्वीन्सलंड प्रांतातील मरूची भागात सांडपाण्याची सुमारे १४० पंपघरे दूरनियंत्रणाने चालत असत. ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेल्या एका माणसास स्थानिक संस्थेने नोकरी नाकारली. त्या रागाने त्याने २००० सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मोटारगाडीतून रेडिओयंत्राच्या साहाय्याने पंपांस ४६ वेळा खोटे हुकूम दिले. त्यामुळे सुमारे आठ लाख लिटर घाण पाणी बागांत व ओढ्यांत पसरले. प्रारंभी अधिकाऱ्यांस वाटले की यंत्रेच नादुरुस्त आहेत. ज्याने यंत्र बसविले त्यास त्याच्या साऱ्या खुणा ठाऊक होत्या, आणि तो गेल्यावर त्या कोणी बदलल्या नव्हत्या. पुढे न्यायालयाने त्यास दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.

आपल्याकडील कारागीर असे वागतील असा याचा अर्थ नव्हे. बहुतेक कारागीर प्रामाणिक असतात आणि रात्री-अपरात्री धावून येतात. पण त्यांच्याकडे किल्ली राहिली नाही तर पुढे संशयही राहत नाही, यात त्यांचेही हित आहे. कारागीर आला की त्याच्यासाठी तात्पुरते खाते उघडावे, काम होताच ते त्याच्या देखतच बंद करावे. वाटेकऱ्याचा हिशेब पुरा करण्याच्या दिवशीच त्याचे खाते काढावे. हिशेबाच्या वहीत त्यासाठी एक ओळ ठेवल्यास विसर पडत नाही. जुना मोबाईल विकण्यापूर्वी त्यातील ॲपमधून बाहेर पडावे व मोबाईल कोरा करून घ्यावा.

साखळीची वाट

शिवनेरीस सात दरवाजे असले तरी जुन्नर शहराच्या बाजूने कड्यावरून जाणारी साखळीची वाटही आहे. दरवाजांवर कितीही पहारे ठेवले तरी त्या वाटेचा विसर पडून चालत नाही. स्वयंचलित संचातही अशा आडवाटा असतात.

त्यांतील मोठी वाट म्हणजे कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड. एका बनावटीच्या सर्व यंत्रांस तो बहुधा एकच असतो व माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असेच सुमारे साठ मूळ पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि जगभरातील लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्यात कोणतीही विलक्षण विद्या नव्हती. मालकांनी कुलूप बदलले नव्हते इतकेच. तेव्हा संच सुरू झाला त्याच दिवशी, कारागीर शेतावर असतानाच, मूळ पासवर्ड बदलावा. नवा पासवर्ड जन्मसाल, गाडीचा नंबर किंवा मुलाचे नाव असा नसावा. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड ध्यानात राहतो व ओळखण्यास कठीण जातो.

दुसरी वाट साध्या मोबाईल स्टार्टरची. काही साधी यंत्रे नोंदविलेल्या नंबरावरून आलेला फोन किंवा संदेश एवढ्यावरच चालतात. अशा यंत्रात नोंदविलेल्या नंबरांची यादी वर्षातून दोनदा तपासावी. जुने, बंद पडलेले नंबर काढून टाकावेत, कारण बंद नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. यंत्रातील सीमकार्ड मालकाच्याच नावावर असावे. ते विक्रेत्याच्या नावावर राहिल्यास पुढे अडचण उद्भवते.

तिसरी गोष्ट इंटरनेटविषयी. एप्रिल २०२३ मध्ये इस्रायलच्या उत्तरेकडील भागात संगणकीय हल्ल्यामुळे सिंचनाचे कित्येक नियंत्रक बंद पडले. आधी इशारा मिळाल्यावर ज्या शेतकऱ्यांनी दूरनियंत्रण तोडून संच हाताने चालविला, ते वाचले. यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. दूरनियंत्रण तोडण्याचे बटण किंवा तार कोठे आहे हे घरातील दोघांस तरी ठाऊक असावे. आणि संच हाताने चालविण्याचा सराव सुटू देऊ नये. वर्षातून एक दिवस सर्व व्हॉल्व्ह हाताने फिरवून पाहिल्यास गंजलेलेही समजतात. चालू कार्यक्रमाचे सर्व आकडे वहीत उतरवून ठेवावेत, म्हणजे यंत्रातील माहिती बिघडली तरी बागेचे पाणी अडत नाही.

सहकारी संस्थांवर

उपसा सिंचन संस्था किंवा पाणीवापर संस्था यांच्याकडे संच असल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे पाणी अनेकांचे असते. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांवरील शेतकऱ्यास पाळीपत्रक म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ठरलेली पाळी कोणी परस्पर बदलली तर गावात तंटा होतो. स्वयंचलित संचातील वेळापत्रक हेच पाळीपत्रक होय, आणि ते बदलण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षाकडे किंवा एकट्या पंपचालकाकडे असू नये. विविध कार्यकारी सोसायटीच्या धनादेशावर जशा दोन सह्या लागतात, तशी येथेही दोघांची संमती लागावी. संचात तशी सोय नसेल तर बदल करणारा एक व नोंद तपासणारा दुसरा, अशी कामाची फोड करावी. कोणास कोणता अधिकार दिला हे सभेच्या ठरावात लिहावे व संचातील नोंदी सभासदांस पाहता याव्यात. पाहण्याची मुभा मोकळी ठेवली की कुजबुज आपोआप कमी होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय भाषणाने पटत नाही. प्रात्यक्षिकाने चटकन पटतो. एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या पंपघराशी आठ-दहा जणांस जमवावे. प्रथम मोटारीचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत, म्हणजे प्रात्यक्षिकातच अपघात व्हावयाचा नाही. मग मालकास विचारावे, की या संचास आज किती मोबाईल चालवू शकतात. तो बहुधा दोन किंवा तीन म्हणेल. त्यानंतर नोंदविलेल्या खात्यांची व नंबरांची यादी उघडून मोठ्याने वाचावी. तेथे जी शांतता पसरते ती तासाभराच्या व्याख्यानाचे काम करते.

पुढे नवी खाती उघडून घ्यावीत आणि त्यांची परीक्षा करावी. हा भाग पुष्कळदा वगळला जातो. अधिकार दिला की तो चालतो किंवा नाही हे सर्व जण पाहतात; जो दिलेला नाही तो खरोखर नाकारला जातो काय, हे कोणी पाहत नाही. मजुराच्या मोबाईलवरून खताचा आकडा बदलण्याचा मुद्दाम प्रयत्न करावा. संचाने नकार दिला पाहिजे. दिला नाही तर खाते नावापुरतेच वेगळे आहे असे समजावे व विक्रेत्याकडून दुरुस्त करून घ्यावे. कार्यकर्त्याने स्वतः मात्र कोणाचाही पासवर्ड किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी विचारू नये, कोणी आपण होऊन सांगू लागला तरी ऐकू नये.

शंकास्पद प्रकार घडल्यास, म्हणजे कोणी न सांगता मोटार चालू झाली किंवा आकडे बदललेले दिसले, तर आधी दूरनियंत्रण तोडून संच हातावर घ्यावा. नोंदींची छायाचित्रे काढून ठेवावीत. काही यंत्रांत जुन्या नोंदी थोड्या दिवसांनी पुसल्या जातात. नंतर सर्व पासवर्ड बदलावेत. मालकाच्या अनुमतीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे किंवा त्यातील माहिती बदलणे यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये भरपाई द्यावी लागते. तेच कृत्य लबाडीने केले असल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. पैशाची फसवणूकही झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तक्रार देताना कोणास परवानगी होती व कोणास नव्हती, हे प्रथम विचारले जाते. ज्याच्या वहीत खात्यांची यादी तारखांसह लिहिलेली आहे, त्यास उत्तर देता येते.